जांगड आणलेला हिरा

मला हिरा नको होता. मला ओव्हरलॉक मशीन हवं होतं.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझी शिलाईची शेड आहे. सहा बायका, आठ मशीनं, शाळांचे गणवेश. त्यातलं कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक म्हातारं झालं होतं. घडीघडीला दोरा तोडायचं आणि शिवण उसवायची. शाळा उघडायच्या आत नवं आलं नाही तर कामं दुसरीकडं जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. माझे मिस्टर सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि जवळच्याच एका कारखान्यात पहारेकऱ्यांवर देखरेख करायला लागले. राहायला आम्ही विश्रामबागेत. मूलबाळ नाही. त्याबद्दल जे बोलायचं ते लोकांनी केव्हाच बोलून संपवलंय.

मिस्टरांच्या डोक्यात हिरा जुनाच होता. लग्न झालं त्या सुमारास ते उत्तरेकडं पोस्टिंगवर होते. तिथं साहेबांच्या बाईंनी स्वतःच्या हातानं चहा दिला आणि त्या हातात हिऱ्याची अंगठी होती. 'तुला एक दिवस घेईन' असं त्यांनी मला पत्रात लिहिलं. मी उलट टपाली कळवलं, आधी गॅसची शेगडी घ्या. शेगडी आली, हिरा मागं पडला. मग गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं. लग्नाआधी फोटो काढायची आता पद्धत आहे. धरणाच्या पाण्याकडेला पुतण्या एका गुडघ्यावर बसला, नवरीच्या बोटात हिरा चढवला, वर ड्रोन घोंघावत होता. मिस्टर ते बघून घरी आले. जेवताना म्हणाले, "आपण कवा असं बसलो न्हाई."

"बसा की. उठवायला मी आहेच."

ते हसले नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होतात त्या दिवशी हिरा घ्यायचाच, असं त्यांनी जाहीर केलं. मशीनचं काय, विचारलं तर म्हणाले, "मशीन शेडला. हिरा तुला."

माझं मत आजही तेच आहे. सोनं अडीनडीला उपयोगी पडतं. बँकेत दागिना ठेवायला गेलं की खड्याचं वजन आधी वजा करतात. ज्याचं वजन बँक धरत नाही ते बोटात घालून मी कुणाला दाखवू? पण पंचवीस वर्षांत या माणसानं स्वतःच्या मनानं एवढी एकच गोष्ट मागितली होती. सरळ नाही म्हणायला जीभ वळेना. म्हणून मी आडवाट धरली.

आमच्याकडं हिरा लाभावा लागतो. सोन्याचं तसं नाही, सोनं कुणालाही चालतं. हिरा मात्र आधी तीन दिवस घरात ठेवून बघायचा. दिवसा देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीत, झोपताना उशीखाली. त्या तीन दिवसांत घरात काय होतं, काय बिघडतं, स्वप्नं कसली पडतात, त्यावर ठरवायचं. जुने सराफ त्यासाठी हिरा जांगड देतात. म्हणजे पसंत पडला तर ठेवा, नाहीतर जसाच्या तसा परत आणा. माझा यावर काडीचा विश्वास नाही. मिस्टरांचा आहे. सीमेवर राहिलेला माणूस, नवे बूट घालून कधी पहिल्या गस्तीला गेला नाही.

सांगलीत सराफ कट्ट्यावरच्या एका जुन्या दुकानात गेलो. मिस्टरांनी अंगठी पसंत केली. मी म्हटलं, "जांगड द्या. तीन दिवस बघतो."

म्हातारे सराफ चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "वहिनी, आता कुणी मागत नाही जांगड."

"आम्ही मागतो."

मिस्टर खूश झाले. बायकोनं मनावर घेतलं असं त्यांना वाटलं. माझा बेत साधा होता. तीन दिवसांत दोन-तीन अपशकुन घडवायचे आणि चौथ्या दिवशी हिरा दुकानात. त्यांच्या मनालाही लागणार नाही, मशीनही येईल.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट चालू होती. मिस्टरांना तंबाखूची सवय. गालात आतून एक जखम झाली होती, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मीच मागं लागून त्यांना मिरजेला डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी तुकडा काढून तपासणीला दिला होता. मी ते मनावर घेतलं नव्हतं. चुन्यानं तोंड फाटलं असेल, असं धरून चालले होते.

पहिल्या दिवशी शेडमध्ये बायकांना कळलंच. आमच्यात सगळ्यात जुनी जी कटिंग करते ती कात्री टाकून आली. "दावा की वहिनी, हिरा दावा."

"घरी आहे. देवापुढं."

"लय नशीबवान बगा तुमी. आमच्या मालकांनी मला आख्ख्या जन्मात एक गजरा आणला. त्यो बी येष्टीत कोण तरी इसरून गेल्याला."

"तरी घातलास न्हवं?" दुसरी म्हणाली.

"घातला की! वास येत व्हता."

घरी येऊन मी दुधाच्या पातेल्यात अर्धं लिंबू पिळलं. मिस्टर कामावरून आले तेव्हा दूध फाटलेलं. मी कपाळाला हात लावला. त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "उन्हाळा हाय. फाटतं दूध." माणसाला हिरा द्यायचाच होता.

लिंबावर भागणार नाही हे तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी म्हटलं, "मला वाईट स्वप्न पडलं. दात पडलेले दिसले." आमच्याकडं दात पडल्याचं स्वप्न म्हणजे घरात कुणाचं तरी वाईट होणार, हे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून तर मी ते निवडलं.

"कुणाचं दात?" त्यांनी विचारलं.

ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "तुमचे."

कप खाली ठेवून त्यांनी गालाला हात लावला. तेव्हाही माझ्या डोक्यात जखम आली नाही. बेत जमला, एवढंच आलं.

तिसऱ्या दिवशी मिरजेहून फोन आला, दोघं या म्हणून. कॅन्सर होता. डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे होते. गालाचा तेवढा भाग आणि जबड्याचं थोडं हाड काढावं लागेल, पण आत्ता काढलं तर पुष्कळ आशा आहे, असं त्यांनी सांगितलं. येत्या मंगळवारची तारीख दिली. "हा मंगळवार सोडू नका," एवढं मात्र दोनदा म्हणाले.

 बाहेर येऊन मिस्टरांनी गाडीला किल्ली लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला आधीच दिसलं व्हतं."

मी तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता ही वेळ नाही, आधी घरी जाऊ, असं वाटलं. पण घरी येताच त्यांनी देव्हाऱ्यातून हिरा उचलला आणि गाडी पुन्हा बाहेर काढली. सराफांना परत केला, हात धुतले. दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले असताना पिशवी भरून ते गावाला निघून गेले. त्यांचं गाव उंब्रजजवळ, आई तिथं थोरल्या दिरांकडं असते.

फोन केला तर म्हणाले, "हिऱ्याचं लागलंय ते उतरू दे. मग बघू."

शनिवारी मी एसटीनं गेले. घरी बघते तर अंगणात कापलेल्या लिंबाच्या फोडी आणि अंगारा. सासूबाई पायरीवर बसलेल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. शेजारच्या गावच्या देवरुष्याला विचारून झालं होतं. त्यानं सांगितलं होतं, महिनाभर अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही.

"म्हंजी दाढी सुदिक न्हाई," आत्ती म्हणाल्या. "आन् तू कापाकापीचं बोलतीस."

मिस्टरांची तीन दिवसांची दाढी वाढलेली. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मशीन हवं होतं. दुधात लिंबू मी पिळलं. स्वप्न मला पडलंच नाही, मी बनवून सांगितलं.

आत्तींनी लगेच विश्वास ठेवला. "पिळलं असंल. ही असलीच हाय. माझ्या पोराला घोर लावलास व्हय गं भवाने?" आणि उठून आत गेल्या. त्या शिव्या मला गोड लागल्या. एकीला तरी पटलं होतं.

मिस्टरांना पटलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "तू आत्ता खोटं बोलतीस. माझ्यासाठी."

"आत्ता खरं बोलते. तेव्हा खोटं बोलले."

"लिंबाचं मानतो. पण दाताचं कसं बनवशील? आन् नेमकं माझंच दात? गालात कॅन्सर हाय हे तवा डॉक्टरलाबी म्हाईत न्हवतं, तरी तुझ्या तोंडातनं आलं."

 लिंबाची साल दाखवता आली असती. न पडलेलं स्वप्न कसं दाखवणार? देवाची शपथ घेतली. ते म्हणाले, नवऱ्यासाठी बायका खोटी शपथ घेतात. डॉक्टरांना फोन लावून दिला. 'जय हिंद सर, येतो' म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि जागचे हलले नाहीत. मी ओरडले, रडले, जेवण टाकलं. मी सहसा यातलं काहीच करत नाही. रविवारी परत आले.

मंगळवार गेला. त्या दिवशी मी मिरजेत दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसून होते. निघतील, शेवटच्या घटकेला येतील, अशी आशा होती. दुपारी परिचारिकेनं येऊन विचारलं, पेशंट कुठाय. मी म्हटलं, गावाला. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

त्या दरम्यान मी पाच वेळा उंब्रजला गेले. गाल बाहेरून सुजायला लागला होता. तोंड दोन बोटं उघडायचं ते एक बोट उघडायला लागलं. भाकरी सुटली, मऊ भातावर आले. प्रत्येक वेळी तेच सांगायचे, उतरतंय, आधी असंच चढतं. अंगारा जखमेला लावायचे. दिरांना सांगून बघितलं, ते म्हणाले, "त्यो माझं ऐकत असता तर मिलिट्रीत गेला असता व्हय?"

शेडमध्ये मी एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या. कटिंगवाली माझ्या हातातून कापड काढून घेऊन म्हणाली, "वहिनी, तुमी त्येंच्यासंगं भांडताय कशाला? त्येंचं खोटं हाय म्हणून सांगत बसलाय. आवं, त्येंचं खरं धरा की. खरं धरून काय करता येतंय का बगा."

त्या बाईची शाळा चौथीत सुटली. मला सुचलं नव्हतं ते तिला सुचलं.

मी तशीच सराफांकडं गेले. म्हटलं, ती अंगठी पुन्हा जांगड द्या. सगळं सांगितलंही. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "परत येणारे निम्मे हिरे असेच येतात, वहिनी. लाभत नाहीत असं नाही. बाईला नको असतात, नाहीतर पुरुषाला परवडत नसतात. जांगडीमुळं दोघांची अब्रू राहते."

"हे माझ्या मिस्टरांना फोनवर सांगाल?"

"सांगितलं तरी ते म्हणतील, दुकानदार आहे, माल खपवतोय." हे खरं होतं. त्यांनी अंगठी कागदात गुंडाळून दिली. मी कागद काढला आणि तिथंच बोटात घातली. जांगडचा माल घालायचा नसतो. त्यांनी वही ओढून नोंद केली.

अंगणात पाऊल टाकलं तशी आत्तींची नजर हातावर गेली. त्या किंचाळल्याच. "आगं फेक ती! फेक! घरात आणू नगंस!"

मिस्टर बाजेवरून उठले. "काढ."

"नाही काढत."

"काढ म्हणतोय न्हवं!" तोंड उघडत नव्हतं, दात आवळूनच शब्द येत होते.

मी म्हटलं, "हिरा लाभत नाही म्हणता ना? मान्य. तुम्हाला लाभला नाही. आता मला लाभतो का बघू. तुम्ही मिरजेत टेबलावर झोपलात की काढीन. तोवर बोटातच राहील."

"तुला काय झालं तर?"

"तर होईल. तुम्ही जाणार, मग मी मागं राहून गणवेश शिवत बसू का?"

त्यांनी माझा हात धरला. मी मूठ आवळली. पंचवीस वर्षांत आमच्यात अशी झटापट पहिल्यांदाच. माणसाची ताकद किती गेलीय ते मला त्या पकडीत कळलं. मूठ सोडवता आली नाही त्यांना.

दोन दिवस मी तिथं राहिले. त्यांनी दोन दिवस माझी पाठ सोडली नाही. मी विहिरीवर गेले तर मागं, चुलीजवळ बसले तर दारात. आत्ती माझ्या हातचं पाणी घेईनात. जिना चढताना मिस्टर खाली हात पसरून उभे राहायचे. त्यांना स्वतःच्या गालाचा विसर पडल्यासारखा झाला. अंगारा लावायचाही राहून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हशीला वैरण कापायला बसले. ते समोर दगडावर. "विळा ठेव," म्हणाले. मी कापत राहिले. विळा निसटला आणि अंगठीखालच्या तळव्यात रुतला. रक्त चांगलंच आलं. मुद्दाम केलं नव्हतं. शेतकाम सुटून मला वर्षं झाली होती, हात बसला नव्हता. पण त्यांना मी हे सांगितलं नाही. मी नुसती हात वर धरून त्यांच्याकडं बघत राहिले.

ते पांढरेफटक पडले. डोक्याचा टॉवेल काढून माझा हात बांधला.  म्हणाले, "चल. आत्ता चल. ऱ्हाऊ दे महिना. लागू दे लोखंड."

दिरांनी गाडी काढली. आत्ती दारातून बाहेर आल्या नाहीत. वाटेभर मिस्टरांनी माझा बांधलेला हात स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला होता, अंगठीचं बोट वर, कशाला धक्का लागू नये म्हणून. लोक हिऱ्यावरून ज्या प्रेमाच्या गोष्टी सांगतात त्यात असं काही नसतं. मला त्या वेळी प्रेमबिम सुचत नव्हतं. पोहोचेपर्यंत यांचं मन फिरू नये, एवढंच घोकत होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडं न बघता गळ्याशी बोटं फिरवत राहिले. तारखेची वाट न बघता दोन दिवसांत आत घेतलं. ऑपरेशनच्या दारात मिस्टर स्ट्रेचरवर आडवे होईनात. "आधी काढ," म्हणाले. मी अंगठी काढून पिशवीत टाकली. मग ते झोपले.

सात तास लागले. जबड्याचं थोडं हाड म्हणाले होते, ते अर्ध्यावर गेलं. मानेतल्या गाठींतही निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, "या गाठी पहिल्या तपासणीत होत्या का?"

"तेव्हा हाताला लागल्या नव्हत्या."

"म्हणजे या महिन्यात आल्या?"

"असं सांगता येत नाही, ताई. तेव्हाही असतील, सूक्ष्म."

"आणि त्या मंगळवारी आले असते तर?"

"आता त्यात जाऊ नका."

मी पुढच्या प्रत्येक भेटीला हेच विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत. ते दर वेळी तेवढंच सांगतात. भला माणूस आहे. पण तो महिना मी स्वतःच्या हातानं घडवला आणि त्याचं काय झालं हे मला कुणी सांगू शकत नाही.

अंगठी दुकानात गेली. शाळांची कामं जायची ती दुसरीकडं गेली. किरणांचे शेकही पूर्ण झाले. मिस्टर आता घरीच असतात. पातळ करून दिलेलं खातात, बोलतात ते मला कळतं, इतरांना मी सांगावं लागतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट ऐकवतात आणि ती त्यांच्यासाठी मलाच मोठ्यानं बोलावी लागते: डॉक्टरांच्या आधी हिला स्वप्नात दिसलं होतं. सांगताना त्यांचा उरलेला अर्धा चेहरा अभिमानानं फुलतो. कॉलनीतल्या दोन बायका मला स्वप्नं सांगायला येऊन गेल्या. मी त्यांना हाकलून दिलं, तर बाईंना ताकद आहे म्हणून बोलत नाहीत, असं पसरलं. मिस्टरांना मी आणखी दोनदा खरं सांगितलं. ते माझ्या हातावर थोपटतात. त्यांनी एकदा माझ्यावर भडकावं, भांडं फेकावं, असं मला फार वाटतं. ते भडकत नाहीत.

गेल्या आठवड्यात मानेत पुन्हा काहीतरी हाताला लागलं. मलाच लागलं, मालीश करताना. बुधवारी सकाळी स्कॅनला उपाशीपोटी बोलावलंय. रिपोर्ट आधी माझ्या हातात येईल. त्यात जे लिहिलं असेल तेच त्यांना सांगायचं, कमी नाही, जास्त नाही, एवढं मी ठरवलंय.